धावजीकाका, पुढचं पान वाचा

वणी,
३ सप्टेंबर २००७

तीर्थरूप बापू आणि याडी यांस, तसंच ओट्यासमोर ऐकायला बसलेल्या तांड्यातल्या सगळ्या लहानमोठ्यांस, जीवनचा राम राम. धावजीकाका, तुम्हाला वेगळा राम राम, कारण वाचणार तुम्हीच. चष्मा पुसून घ्या, माझं अक्षर दहावीत होतं तसंच आहे.

मी मजेत. दिग्रसची जिनिंग सोडली. गेल्या हंगामात कापूसच एवढा कमी आला की आम्ही मजूर सरकी काढायच्या रेच्यांकडं बघत बसायचो अन् रेचे आमच्याकडं. बसून माझं डोकं फिरतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मग राळेगावला सायकलच्या दुकानात पंक्चर काढले. मालकाशी पटलं नाही. आता इथं वणीला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर आहे. संध्याकाळी तोंड धुतलं की पाणी काळं, टॉवेल काळा, अन् मी मात्र होतो तसाच. आमचा ड्रायव्हर धर्मपाल म्हणतो, तुझ्यावर कोळशानं कायले मेहनत करावी, तू आधीच तयार माल!

परवा चंद्रपूरच्या रस्त्यावर ढाब्यावर थांबलो होतो. मालकानं विचारलं, कुठला? यवतमाळ जिल्ह्याचा म्हणालो तर त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. तोंड पाडून म्हणे, तुमच्याकडं फार वाईट चाललंय, टीव्हीवर पाहतो आम्ही. मला असा राग आला बापू! आमच्याकडं माणसं काय फक्त मरतात? चहा मात्र प्यालो. वाया कशाला घालवायचा.

हां, तुमच्या लेकीचं, पुष्पाचं सांगायचं राहिलं. ती बरी आहे. यवतमाळला तिचं ट्रेनिंग चांगलं चाललं आहे. वजन वाढलं. केस पुन्हा दाट झाले. वर्गात तिचा दुसरा नंबर आला. कशात आला ते भेटीत सांगतो. ती कुठं राहते, तिथली माणसं कशी आहेत, हेसुद्धा भेटीत. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन कानाला लावून नुसतं 'हां, हां' करता अन् ठेवून देता.

तिला पोळ्याला तांड्यावर यायचं होतं. बापू, तुमचा निरोप मिळाला, म्हणून ती येत नाही. ट्रेनिंगला सुट्टी नाही, असं तुम्ही लोकांना सांगितलं असेलच. बरोबरच आहे. सुट्टी नाही.

याडी, माझे आई, रडू नको. लोकं बघत असतील.

तुमचा, सध्या काळा असलेला,
जीवन


यवतमाळ,
२५ नोव्हेंबर २००७

तीर्थरूप बापू, याडी आणि सगळ्यांस राम राम.

ट्रक सोडला. धर्मपाल माणूस चांगला, पण गाडी चालवताना डोळे मिटून भजन म्हणतो. एकदा पुलाच्या कठड्याला आरसा घासला तेव्हा मी ठरवलं, देवाला भेटायची एवढी घाई आपल्याला नाही. आता यवतमाळात ऑइलपेंटची कामं घेतो. इथं समाजकार्य शिकवणारं एक कॉलेज आहे, त्यांच्या मुलींच्या हॉस्टेलच्या खिडक्या रंगवतोय. ओळखीनं काम मिळालं. ओळख कोणाची ते जाऊ द्या.

समाजकार्य म्हणजे काय असतं असं मीही विचारलं होतं. वाटलं, गाव झाडायला शिकवत असतील. तसं नाही. लोकांच्या अडचणीत कसं उभं राहायचं, कायदा काय, सरकारी कागद कसा हलवायचा, समोरचा रडत असेल तर आपण काय बोलायचं अन् काय नाही, हे सगळं पुस्तकातून अन् खेड्यात जाऊन शिकवतात. पास झाल्यावर डिग्री मिळते. विद्यापीठाची, खरीखुरी.

तर या हॉस्टेलात घडलेली एक गोष्ट सांगतो. तांड्यावर आत्ता तूर फुलली असेल, कापूस वेचून माणसं दमली असतील, तर ऐकायला बरी.

एक पोरगी आहे. नाव सांगत नाही. खेड्यातली, लग्न झालेलं, नवरा वारलेला. नवऱ्याकडून तिला एक आजार आला. कोणता, तुम्ही समजून घ्या. भिंतींवर ज्याच्या पाट्या रंगवलेल्या असतात तो. माणसाला लगेच काही होत नाही, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी गोळ्या घेतल्या तर धडधाकट राहतो. पण एक वेळ चुकवायची नाही. अन् दर महिन्याला सरकारी दवाखान्यात जाऊन गोळ्या आणायच्या.

कॉलेजात नाव घालताना तिनं हॉस्टेलच्या रेक्टर सुहासिनी मॅडमना हे आपण होऊन सांगितलं. लपवून राहायचं नव्हतं तिला. मॅडम काय म्हणाल्या माहीत आहे? "जेवणाची वेळ अन् गोळ्यांची वेळ जुळते का ते सांग, नाहीतर तुझं ताट आधी वाढायला लावते." बस, एवढंच. आजार कसा झाला, कुठून झाला, एक शब्द नाही.

दवाखान्याच्या दिवसांमुळं तिची हजेरी कमी पडायला लागली. हजेरी कमी तर परीक्षेला बसता येत नाही. मॅडमनी प्राचार्यांचं पत्र घेतलं अन् विद्यापीठात गेल्या. तिथले साहेब म्हणे, विद्यार्थिनीचं नाव द्या, बघतो. मॅडम म्हणाल्या, नाव देणार नाही, अन् एकीसाठी सवलतही नको, नियमच करा. कायमचं औषध चालू असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याचे दवाखान्याचे दिवस गैरहजेरीत धरायचे नाहीत, अन् आजार कोणता ते विचारायचं नाही. तीन खेपा मारल्या त्यांनी, एस.टी.नं. नियम घेऊनच आल्या.

आता खरी गोष्ट. त्या पोरीच्या खोलीत गौरी नावाची एक मुलगी राहते. शहरातली, बाप अनंतराव सरकारी कचेरीत. गौरीनं गोळ्यांची डबी पाहिली, वाचली, अन् दिवाळीला घरी गेली तेव्हा सहज बोलून गेली की आमच्या हॉस्टेलात एकीला असं असं आहे. वाईट हेतूनं नाही. पण दिवाळीनंतर दुसऱ्याच सोमवारी अनंतराव स्कूटरवर हजर.

मी शिडीवर होतो, ऑफिसच्या खिडकीला हिरवा रंग देत. सगळं ऐकलं.

"मॅडम, त्या मुलीचं नाव सांगा."

"कोणत्या मुलीचं?"

"जिला तो आजार आहे. माझी मुलगी तिच्या शेजारी झोपते!"

"या हॉस्टेलात साठ मुली आहेत," मॅडम म्हणाल्या. "कोणाला काय आजार आहे, ते मी कोणाच्याच वडिलांना सांगत नाही. उद्या तुमच्या गौरीला काही झालं, तर तेही शेजारणीच्या वडिलांना सांगणार नाही."

"मग मी वर्तमानपत्रात देतो."

"द्या. आमचा नियम छापून आला तर बरंच होईल."

अनंतराव लाल झाले. म्हणाले, आत्ताच्या आत्ता माझ्या मुलीला घेऊन जातो. मॅडमनी गौरीला बोलावलं. म्हणाल्या, ती सज्ञान आहे, तिलाच विचारा. पोरगी आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मला वाटलं, चालली ही. तर म्हणते कशी, "बाबा, मी दहावीपासून तुमच्या स्कूटरवर मागं बसते अन् अजून जिवंत आहे. आता कशाला घाबरू?"

शिडीवर माझा ब्रश हातातून सुटला तो अनंतरावांच्या स्कूटरच्या सीटवर पडला. मुद्दाम नाही बापू, शपथ. हिरवा डाग अजून असेल.

गौरी राहिली. दोघी-तिघींनी मात्र खोली बदलून मागितली. मॅडमनी एक शब्द न बोलता दिली. त्यातली एक चारच दिवसांत परत आली. तिकडं ढेकूण होते.

अन् ती पोरगी? ती त्या दिवशी वरच्या खोलीत दाराला पाठ लावून बसली होती. गौरी वर गेली अन् आधी माफी मागितली. पोरगी म्हणाली, "माफी राहू दे. मला विचारायचं तरी होतंस." मग दोघी मिळून खूप रडल्या, अन् मग जेवायला गेल्या. ही मुलींची रीत मला अजून समजली नाही.

बापू, ऐकताय ना? ही पोरगी कुठली, कोणाची, मला माहीत नाही असं समजा. पण मी तिचा बाप असतो तर त्या दिवशी छाती काढून यवतमाळच्या बाजारातून चाललो असतो. मी तिचा भाऊ असतो तरी तेच केलं असतं.

धावजीकाका, एवढ्यावर थांबा. बापू उठून आत गेले असतील तर त्यांना हाक मारू नका.

हिरव्या बोटांचा,
जीवन


यवतमाळ,
२० जानेवारी २००८

तीर्थरूप बापू, याडी आणि तांड्यातल्या सर्वांस राम राम.

संक्रांत झाली. तीळगूळ पाठवायचा होता, पण ज्याच्या हाती पाठवणार तो कंडक्टरच रजेवर गेला, तेव्हा मीच खाल्ला. तुमच्या वतीनं गोड बोलेन.

बापू, एक विचारतो. डिसेंबरात तुम्ही यवतमाळला कापसाच्या गाडीबरोबर आला होता का? हॉस्टेलचा चौकीदार डोमाजी मला सांगत होता. "एक उंच म्हातारा आलता, कानात बाळी. नाव विचारलं त सांगे ना. म्हणे, इथं पोरीले जेवाले काय देते? म्यां सांगितलं, पोळी-भाजी, वरण-भात, रविवारी गोड. म्हणे, समद्याइले एकाच जागी बसवते का? म्हटलं हाव, मंग का न्यारं न्यारं बसवतीन? त बावा, तो तिथंच गेटापाशी खाली बसला अन् पाणी मागितलं. पाणी पेला अन् गेला."

मी शिडीवर चढलो अन् रंगवलेलीच खिडकी परत रंगवली.

आता हे पत्र तीन पानांचं आहे. मी एवढं कधी लिहीत नाही. पहिलं पान संपत आलं. हे पत्र पुष्पा शेजारी बसून लिहवून घेतेय. मी मधे मधे माझं घालतो, ती खोडायला सांगते, मी खोडत नाही. ती म्हणाली, "धावजीकाका ओट्यावर मोठ्यानं वाचतील असंच लिही. लपवून वाचायचं असंल त लिहूच नको."

म्हणून, धावजीकाका, पुढचं पान वाचा. आवाज लावून.

मागच्या पत्रातली पोरगी म्हणजे आपली पुष्पा. तांड्याचे नायक धरमसिंग, म्हणजे बापू, त्यांची पुष्पा. तिला एच.आय.व्ही. आहे. भाऊजी काविळीनं, तुम्ही म्हणता त्या पिलियानं, गेले नाहीत, याच आजारानं गेले. ते ट्रकवर होते, घरापासून महिनोन् महिने लांब. पुष्पा म्हणते, मेलेल्या माणसाच्या नावानं बोटं मोडू नका, त्यांनाही कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं. पुष्पा नर्सिंगच्या ट्रेनिंगला नाही. ती समाजकार्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, अन् पहिल्या वर्षी तिचा दुसरा नंबर आला तो यात आला.

घरी तिचं ताट वेगळं ठेवलं होतं ते लिहू नको म्हणाली. म्हणून ते मी लिहीत नाही.

ती आत्ता माझ्या पाठीत बुक्की मारतेय.

हे सगळं सांगायचं तिनं आताच काहून ठरवलं, ते सांगतो. अनंतरावांच्या त्या भानगडीनंतर कॉलेजात कुजबुज फार वाढली. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची, ही असेल का, ती असेल का. तेव्हा प्राचार्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून सभा घेतली. डॉक्टर चांगलं बोलले. एका ताटात जेवल्यानं होत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही, डास चावल्यानंही होत नाही. पोरं माना हलवत होती, पण खुर्च्या दूर दूर सरकवूनच बसली होती. मग मागून भगवानराव उठले. हे लायब्ररीतले शिपाई, पोरांना पुस्तकं काढून देतात. म्हणाले, "मले बी हाच आजार हाय. चार वर्षं झाली. मी कॉलेजाले सांगतलं तवा वाटलं, नोकरी गेली. तं प्राचार्यांनं लिहून देल्लं का आजारासाठी याले कोणी काढणार नाई. वजनाचे गठ्ठे उचलणं बंद केलं अन् काउंटरवर बसवलं. चार वर्षं तुमी माह्या हातचे पुस्तकं वाचून राह्यले. पास झाले का नाई?"

मग कोणीतरी मागून ओरडलं, "भगवानराव, मी नापास झालो, पण पुस्तकच नेलं नव्हतं!" अन् जो हशा झाला बापू! खुर्च्यांचं काय झालं ते मी पाहिलं नाही, मी दारात उभा राहून हसत होतो अन् डोळे पुसत होतो.

त्या दिवशी पुष्पा मला म्हणाली, "भगवानरावले आपलं नाव घेता आलं. मले इथं बी घेता येईन. पण इथं माहं कोण हाय? जिथं माहं नाव ठेवलं तिथं घेता आलं पाहिजे."

मी तिला घाबरवायचा प्रयत्न केला. तांडा आहे, म्हटलं. देवसिंगकाका आहे, त्याचं तोंड आहे. उद्या बापूची नायकी जाईल. ती म्हणाली, "जाईन त जाईन. मी जिती हाय हे लपवून बापूची नायकी टिकून राह्यली काय?"

तिसरं पान. धावजीकाका, पाणी प्या.

कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर फेब्रुवारीच्या शेवटी असतं, खेड्यात. पोरंपोरी शाळेत मुक्काम करतात, रस्ता करतात, तपासणी लावतात, संध्याकाळी सभा घेतात. गाव विद्यार्थ्यांनी सुचवायचं असतं. पुष्पानं आपला तांडा सुचवला. सुहासिनी मॅडमनी तिला दोनदा विचारलं, नाव घेऊन बोलायचं म्हणतेस तर पक्कं आहे ना, नाव सांगायचा हक्क तुझाच, मागं घ्यायचाही तुझाच. तिनं पक्कं आहे म्हटलं. गौरी येणार, भगवानराव येणार. गौरीचा बाप येणार नाही. त्यानं स्कूटर विकली.

पण आपल्या तांड्यात नायकाच्या होकाराशिवाय बाहेरची सभा होत नाही. ही रीत मॅडमना पुष्पानंच सांगितली. मॅडम म्हणाल्या, मग नायकाला रीतसर विचार. बाप म्हणून नाही, नायक म्हणून.

तर ती विचारतेय. नायक धरमसिंग, तुमच्या तांड्यात शिबिर घ्यायला अन् पहिल्या संध्याकाळी मला माझ्या नावानं बोलायला परवानगी आहे का? नाही म्हणालात तर शिबिर दुसऱ्या गावाला जाईल. पण मग पुष्पा ट्रेनिंगला आहे असं कोणाला सांगू नका. कुठं आहे ते खरं सांगा.

हे शेवटचं तिनं स्वतः लिहिलं. अक्षर बघा, माझ्यापेक्षा बरं आहे.

नायकाची मुलगी, पुष्पा
आणि तिच्या शेजारी बसलेला, जीवन


तांडा,
१० फेब्रुवारी २००८

प्रिय पुष्पा,

तुला कळवल्याशिवाय मी इकडं आलो, रागावू नको. पत्र टाकल्यावर मला यवतमाळात दम निघेना. दारव्ह्याला एस.टी. बदलायची होती, तिथं बैलबाजार पाहत उभा राहिलो अन् दोन गाड्या चुकल्या. काय एकेक बैल होता! ते असो.

तांड्यावर पोचलो तर पत्राचा कुठं पत्ता नाही. धावजीकाकानं ते आधी एकट्यानं वाचलं होतं अन् भीतीनं तसंच बंडीच्या खिशात ठेवलं होतं. मला बघून त्याचा चेहरा असा झाला, जणू मीच दुसरं पत्र. पण पोस्टमननं पत्र दिलेलं तांड्यानं पाहिलं होतं. संध्याकाळी बापूनं हाक घातली, "धावजी, पोराचं पत्र आलं म्हणते. वाच." माणसं जमली. बाया ओट्याच्या कडेला. याडी दारात.

काकानं वाचायला सुरुवात केली. संक्रांत वाचली, तीळगूळ वाचला. डोमाजीचं आलं तिथं आवाज खाली गेला, पण वाचलं. बापू जमिनीकडं बघत होते. मग काका म्हणाला, "पुष्पा मजेत आहे, सर्वांस नमस्कार, आपला जीवन." अन् घडी घातली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बापू बोलले.

"धावजी, मले वाचता येत नाई. पण मोजता येते. पानं तीन हायत. तू त एक बी उलटलं नाई."

"नायक, पुढं काही विशेष नाई..."

"मंग वाचाले काय जाते?"

काकानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "काका, पुढचं पान वाचा." त्यानं वाचलं. पुष्पा, मी खोटं सांगत नाही, त्या माणसानं एक अक्षर गाळलं नाही. मराठीत वाचायचा अन् मग बायांसाठी आपल्या बोलीत सांगायचा. म्हणजे सगळं दोनदा झालं. ताटाचंही दोनदा. याडी तिथंच खाली बसली.

वाचून झालं अन् देवसिंगकाका उठला. मला वाटलंच होतं.

"नायक, तू त पिलिया म्हणला होता."

"म्हणलो होतो."

"पोरगी नर्सिंगले हाय म्हणला होता."

"ते बी म्हणलो होतो. दोन्ही खोटं म्हणलो." बापू उभे राहिले. डोक्यावरचा फेटा काढला अन् ओट्यावर ठेवला. बोडकं डोकं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, पार पांढरं झालंय. म्हणाले, "तांड्यासमोर नायक खोटं बोलला त त्याची नायकी काढायची रीत हाय. काढून घ्या. मले शरम पोरीची वाटाले नव्हती पाह्यजे, माही वाटाले पाह्यजे होती. पण एक सांगतो. नायक कोणी बी करा, पोरगी तांड्यावर येईन. अन् उभी राहून बोलीन. तिनं विचारलं तसं रीत पाळून आमच्यातल्या एकानं बी आजपर्यंत विचारलं नाई."

पुष्पा, मी जिनिंग पाहिली, खाण पाहिली, चंद्रपूर पाहिलं, धर्मपालच्या ट्रकमधून साक्षात मरण पाहिलं. पण असा माणूस पाहिला नाही. अन् तो आपला बाप निघाला.

माणसं आपसात बोलायला लागली. कोणी म्हणे विटाळ, कोणी म्हणे दवाखान्यात विचारू, एक म्हातारी म्हणे, पोरीनं दुसरा नंबर काढला म्हणजे पहिला कोणाचा? सगळे कबूल झाले असं समजू नको. तीन-चार घरं उठून गेली. लालीबाई आपल्या सुनेला हाताला धरून घेऊन गेली, वळूनही पाहिलं नाही. ते तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

देवसिंगकाका मात्र ओट्यापाशी आला अन् म्हणाला, "फेटा उचल, धूळ लागून राह्यली. खोटं बोलला त दंड बसंल. शिबिराच्या समद्या पोट्ट्याइचं सात दिवसांचं जेवण नायकाच्या घरून. बोल, कबूल?"

बापू म्हणाले, "कबूल."

"अन् मी बी येऊन जेवीन. तुह्यावर नजर ठेवाले."

मग लोकांनी ज्वारी किती लागेल यावर भांडण सुरू केलं, ते अजून चालू आहे. याडी त्यात सगळ्यांत पुढं. ती म्हणते, शहरातल्या पोरी काही खात नाहीत. मी सांगितलं, गौरीला बघितलं नाहीस तू.

आता बापू शेजारी बसलेत. आयुष्यात पहिल्यांदा पत्र सांगतायत. ते सांगतील तसं लिहितो, माझं काही घालत नाही.

"पुष्पा, शिबिराले परवानगी हाय. मी हिवाळ्यात तुह्या गेटापर्यंत आलतो, आत यायची हिंमत झाली नाई. पहिल्या संध्याकाळची सभा तुही. बाकी काय सांगाचं ते तोंडानं सांगीन. तुह्या गोळ्यांची वेळ काय ते आधी कळव. त्या वेळी सभा ठेवत नाई, जेवण बी त्याच्या हिशोबानं करतो. तुह्या कॉलेजानं केलं, तेवढं आमाले बी जमते."

खाली नायक धरमसिंग लिहू का, असं मी विचारलं. म्हणाले, कोण नायक हाय ते तांडा पाहून घेईन, तू दुसरं लिही.

तुझा बाप,
धरमसिंग